‘टेक’ म्हणजे नुसतें घेणें नव्हे

इंग्रजी भाषेची खरी अडचण तिच्या लांबलचक शब्दांत नसून तिच्या चिमुकल्या क्रियापदांत आहे, असें आम्हांस दिवसेंदिवस वाटूं लागलें आहे. ‘टेक’ हें क्रियापद पाहा. त्याचा अर्थ घेणें, हें लहान मूलही सांगेल. परंतु इंग्रज स्नान ‘घेतो’, बस ‘घेतो’, छायाचित्र ‘घेतो’. आम्ही स्नान करतों, बसनें जातों, छायाचित्र काढतों. परवां घरांतील एका मुलानें “काकांनीं टॅक्सी घेतली” असें सांगतांच आमच्या मातोश्रींनीं देवापुढें साखर ठेविली!

हा प्रसंग हंसण्यावारी गेला. पण अशा प्रयोगांनीं नुकसानही होतें. आपल्याकडे गुरुजी परीक्षा घेतात व विद्यार्थी ती देतो. इंग्रजींत विद्यार्थीच ती ‘टेक’ करतो. ‘आय गेव्ह द एक्झॅम’ असें अर्जांत लिहिणारा तरुण परदेशीं परीक्षक ठरावयाचा! उलट, मार आणि लाच आम्ही खातों. इंग्रज त्या दोन्ही वस्तु ‘घेतो’. मुलगी आईच्या वळणावर गेली, हें इंग्रजींत ‘टेक्स आफ्टर’नें सांगतात. तेथें शब्दास शब्द ठेवून कांहींच साधत नाहीं.

संस्कृताचा संस्कार असलेल्या घरांस हें नवल वाटूं नये. एका ‘हृ’ धातूपासून उपसर्गभेदानें आहार, विहार, प्रहार असे भिन्न अर्थ निघतात. इंग्रजींत असा शब्द क्रियापदाच्या मागून येतो, इतकेंच. विमान ‘टेक ऑफ’ करतें, एक कंपनी दुसरीस ‘टेक ओव्हर’ करते. म्हणून मुलांनीं सुटें क्रियापद पाठ न करितां त्याची नामाशीं वा अव्ययाशीं पडलेली जोडी पाठ करावी, आणि शेजारीं मराठी जोडीही लिहावी.

हा दुसरा भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘टेक’ हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हे. स्कँडिनेव्हियन लोकांबरोबर तो इंग्लंडांत आला आणि घेणें ह्या अर्थाच्या ‘निमन’ ह्या जुन्या शब्दास त्यानें हळूहळू घराबाहेर काढलें. आमच्या मुलांच्या तोंडीं ‘बस घेणें’ रुळूं लागलें आहे. त्यांना इंग्रजी उत्तम यावें, ही आमची इच्छा आहेच. परंतु आजीशीं बोलतांना त्यांनीं बसनेंच जावें.