आईबापाला वाघ दाखवायला नेलं, त्याची गोष्ट

आम्ही उमरेडचे. म्हणजे कऱ्हांडल्याच्या जंगलाला लागून. 'जय' नावाचा वाघ २०१६ मध्ये गायब झाला तेव्हा देशभरातले पत्रकार आमच्या गावात येऊन गेले. मीही बातम्या केल्या. पण आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांपैकी किती जणांनी वाघ पाहिला, असं विचारलं तर उत्तर शून्य. पंजाचे ठसे पाहिले, फाडलेला बैल पाहिला, वाघ नाही. जिप्सीची सफारी त्यांच्या कमरेलाही झेपत नाही आणि खिशालाही नाही.

म्हणून मागच्या वर्षी मी आई आणि शेजारपाजारचे मिळून सात जण गोळा केले आणि प्राणी दाखवायला घेऊन गेलो. कुठे ते सांगत नाही, कारण चूक त्या जागेची नव्हती, माझी होती. मार्चचा शेवटचा आठवडा. पोहोचायला अकरा वाजले. विदर्भातलं अकराचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. प्राणी सावलीला पडलेले, आम्ही उन्हात. तासाभरात शेजारच्या मावशींना चक्कर आली. बाकावर बसवलं, लिंबूपाणी दिलं. मग कळलं, मावशींनी सकाळी सहापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. "काऊन मावशी?" तर हळूच म्हणाल्या, "बाप्पा, रस्त्यात लागली तर जायचं कुठं?"

वीस वर्षं बातमीदारी करतो. हा प्रश्न मला आधी का सुचला नाही, याची लाज वाटली. आपल्या आया-मावश्या प्रवासाची तयारी अशी करतात. डबा बांधतात आणि पाणी सोडतात.

यंदा जानेवारीत पुन्हा गेलो. नऊ म्हातारे, सोबत आम्ही तिघं. तिघांमागे एक हाताशी पाहिजे, हे मागच्या वेळेस शिकलो होतो. कोणाला न्यायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून काय केलं ते लिहितो.

एक दिवस, एकच जागा. नागपुरात दोन पर्याय. सीताबर्डीजवळची महाराजबाग भोसल्यांच्या काळातली, आता पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. झाडांची सावली, आटोपशीर फिरणं, आणि मेट्रोचं स्टेशन फार लांब नाही. आमच्या पिढीला ती पाठ आहे. आईबाप नागपूरला दवाखान्यात आले की पोरांचं रडणं थांबवायला महाराजबाग ठरलेली. दुसरा पर्याय काटोल रोडवरचं गोरेवाडा. तिथली इंडियन सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. तिथे वाघ, बिबट, अस्वल गाडीत बसून पाहायचे. ज्यांचे गुडघे गेले त्यांच्यासाठी हे सोयीचं. आम्ही गोरेवाडा ठरवलं.

आधी फोन केला. तिकिटाचा दर शेवटी विचारला. पहिले तीन प्रश्न असे: गेटपासून संडास किती लांब आणि कमोड आहे का? बसायला सावलीत जागा कुठे? गाडीतून उतरून किती पावलं चालावं लागेल? चौथा प्रश्न सुट्टीचा. प्राणीसंग्रहालय आठवड्यातून एक दिवस बंद असतंच. तो दिवस न विचारता निघालेली कुटुंबं मी गेटवरून परत जाताना पाहिली आहेत.

एसटीने गेलो. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट. वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र मात्र पाहिजे. एक आजी नेमकं घरीच विसरल्या. तोंड पडलं त्यांचं. पण बायकांना मार्च २०२३ पासून सरसकट अर्धं तिकीट आहे, त्यात निभावलं. आजी म्हणाल्या, "बाई हाय म्हून वाचली!"

सोबत एक प्लास्टिकचं छोटं स्टूल नेलं. हसू नका. कुठल्याही बसची पहिली पायरी म्हाताऱ्या गुडघ्याला दोन पायऱ्यांएवढी असते. दिवसभरात सगळ्यात जास्त कामाला आलं ते हेच. शुगरवाल्यांचा डबा आणि गोळी घड्याळाप्रमाणे. दर तासाला मीच मोठ्याने म्हणायचो, "मला जायचं आहे, कोण येतं?" म्हणजे कोणालाही लाजावं लागत नव्हतं.

आणि वाघ दिसला. खिडकीशी आमच्या गल्लीतले आबाजी होते. वय अठ्ठ्याहत्तर, शेत जंगलाच्या धुऱ्यावर, एक बैल वाघाने नेलेला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "याले रोज खाले भेटते न?" म्हटलं, हो आबाजी. म्हणाले, "आयतं भेटते, तरी तोंड उतरलेलं हाय." बस सुटेपर्यंत काचेवरचा हात काढला नाही.

आता थोडं सरकारबद्दल. २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आली. साठीच्या पुढच्यांना तीर्थयात्रेसाठी माणशी ३० हजारांपर्यंत खर्च. चांगलंच आहे, माझा विरोध नाही. पण म्हातारं माणूस घराबाहेर पडेल ते देवासाठी नाहीतर दवाखान्यासाठी, हे आपण कधी ठरवून टाकलं? मजेसाठी निघालं तर "या वयात काय हे" असं घरचेच म्हणतात. आबाजींचा पोरगाही म्हणाला होता.

मागणी मोठी नाही. प्राणीसंग्रहालयांच्या २००९ च्या केंद्रीय नियमांतच संडास, पिण्याचं पाणी, सावलीचे निवारे आणि व्हीलचेअरवाल्यांना आत जाता येईल अशी सोय लिहिलेली आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही आहे. आपण जाऊ तिथे हे पाहायचं, नसेल तर लेखी द्यायचं. आणि हिवाळ्यातल्या एका कामाच्या दिवशी, गर्दी नसताना, तालुक्याहून ज्येष्ठांची एक बस निघावी, एवढं कोणतीही नगरपरिषद करू शकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यानंतर आपलं ऊन कोणाचं ऐकत नाही.

परत येताना मावशी माझ्या बाजूला बसल्या होत्या. मी थकव्याचं विचारलं. त्यांनी पिशवीतून बाटली काढून दाखवली. रिकामी होती.

"यावेळेस म्या पानी पेलं बाप्पा."

तुमच्या घरचं कोण पाणी न पिता प्रवास करतं? आज एकदा विचारून पाहा.