मलपृष्ठावरचे दीडशे शब्द

पुस्तक हातात आले की वाचक ते आधी उलटे करून पाहतो. मागच्या बाजूला शंभर-दीडशे शब्दांचा एक मजकूर असतो, त्याखाली लेखकाचे छोटेसे छायाचित्र, आणि कोपऱ्यात किंमत व तेरा अंकी आयएसबीएनची पट्टी. हा मजकूर कोणी लिहिला, हे कोठेही छापलेले नसते. वाचकाला वाटते, लेखकानेच लिहिला असेल. लेखकाला मात्र तो पुष्कळदा पुस्तक छापून आल्यावरच दिसतो. गेली सहा वर्षे आम्ही हे निनावी काम करीत आहोत. दिवसा संगणकाच्या आज्ञावली, रात्री आणि शनिवार-रविवारी मलपृष्ठे. बहुतेक पुस्तके मराठीतून इंग्रजीत आलेली, आणि त्यांतली बरीचशी आपल्या माणसांची आत्मकथने. मानधन इतके बेताचे, की त्यावर आयकर विवरणात एक ओळ खर्च करणेही जिवावर येते.

या मजकुराला इंग्रजीत ब्लर्ब म्हणतात. हा शब्द जेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकाने 1907 साली थट्टेने घडवला. अशा मजकुरातल्या अतिशयोक्त स्तुतीची त्याला खिल्ली उडवायची होती. पण थट्टा बाजूला राहिली आणि शब्द तेवढा धंद्यात रुळला. आपल्या मराठीत यालाच ‘पाठराखण’ असा सुंदर शब्द आहे. नव्या नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. परक्या घरी मुलगी बावरू नये म्हणून सोबतीला कोणीतरी घरचे माणूस. आमच्या मते या कामाचे मर्म त्या शब्दातच आहे. पाठराखीण घरचीच असावी लागते, आणि तिने नवरीविषयी सासरच्यांना ऐकायला आवडेल तेवढेच बोलून चालत नाही.

घरच्या घरात पाठराखण लागत नाही. 6 डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कावर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तेथे हे स्पष्ट दिसते. तेथल्या कित्येक पुस्तिकांच्या मागे मजकूरच नसतो. असते ती त्याच प्रकाशनाच्या इतर पुस्तकांची यादी. रात्रभर प्रवास करून आलेली बाई पुस्तकाचे नाव पाहते, किंमत विचारते आणि पिशवीत टाकते. ‘हे पुस्तक आपण का वाचावे’ असे तिला कोणी सांगावे लागत नाही. गरज पडते ती पुस्तक परक्याच्या दुकानात गेल्यावर. आणि त्या क्षणी मागच्या पानावर काही ठरावीक विशेषणे येऊन बसतात. मराठीत दाहक, विदारक, वेदनेचा हुंकार. इंग्रजीत त्यांचीच भावंडे. एकदा आम्ही घरातल्या कपाटातील अशी आत्मकथने काढून मागची पाने ओळीने वाचली. पुस्तके एकमेकांपासून किती वेगळी! एकात गावगाड्याचा हिशेब, दुसऱ्यात चाळीतले तमासगीर, तिसऱ्यात शिक्षिकेची नोकरी. मलपृष्ठे मात्र एकाच माणसाने एकाच बैठकीत लिहावीत अशी.

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथांची पाठराखण दुसऱ्यावर सोपवली नाही. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेले भाषण 1936 मध्ये रद्द झाले, तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने छापले. प्रती 1500. त्या दोन महिन्यांत संपल्या. मंडळाशी झालेला पत्रव्यवहार त्यांनी सुरुवातीलाच जोडला, आणि 1937 च्या आवृत्तीत गांधींची टीका आणि तिला आपले उत्तर, दोन्ही छापले. वाचकाला सगळी कागदपत्रे द्यावीत आणि निर्णय त्याच्यावर सोडावा, ही ती रीत. त्याच ग्रंथाची टीपांसह नवी आवृत्ती 2014 मध्ये अरुंधती रॉय यांच्या दीर्घ प्रस्तावनेसह आली, तेव्हा आपल्या चळवळीत किती वाद झाला, हे वाचकांना आठवत असेलच. तो वाद प्रस्तावनेच्या मजकुरापुरता नव्हता. आमची ओळख परक्याला कोणी करून द्यायची, हा त्यातला खरा प्रश्न होता.

आमच्या कामात हा प्रश्न एका पुस्तकाच्या निमित्ताने अगदी दारात येऊन उभा राहिला. लेखक आज ऐंशीच्या घरातले. मुंबईच्या बीडीडी चाळीत वाढलेले, रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालेले. पुस्तक पावणेतीनशे पानांचे. रात्रशाळा, समता सैनिक दलाची कवायत, लेथ मशीनवर पहिल्यांदा हात बसला तो दिवस, 1956 च्या ऑक्टोबरात आईवडिलांबरोबर नागपूरला केलेला प्रवास. गावच्या विहिरीचा प्रसंग आहे, पण तो चार पानांत संपतो. संपादिकेचा निरोप आला: सुरुवात विहिरीने करा, म्हणजे वाचक थांबेल.

संपादिकेचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. परक्या वाचकाजवळ काही क्षणच असतात. ऑनलाइन दुकानात तर पहिल्या तीन-चार ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर पाहण्यासाठी बोट लावावे लागते. जात म्हणजे काय, हे त्या तीन ओळींत कळले नाही, तर त्याला पुस्तक कळणार नाही. तरीही विहीर आमच्या हाताने लिहवेना. आम्ही काकांना फोन केला. तिकडे संध्याकाळ, इकडे सकाळचा चहा.

“जय भीम काका. पहिल्या ओळीत काय घालू?”

“जय भीम बाळ. माझी नात तिकडं शिकायला आहे. तिला मराठी वाचता येत नाही. ती हे पुस्तक मैत्रिणींना दाखवणार. पहिल्या ओळीत मी पाणी मागताना दिसलो, तर तिला कसं वाटेल?”

“मग काय दिसावं?”

“माझ्या बापाचा धोटा घाल.”

आम्ही पुन्हा ते प्रकरण उघडले. काकांचे वडील गिरणीत होते, पण आयुष्यभर रिंग खात्यात. साचेखात्यात मजुरी जास्त, पण तेथे आपल्या माणसांना घेत नसत. कारण धोट्यातली कांडी संपली की नवी बसवून धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि ज्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्या धोट्याला इतर विणकर तोंड लावायला तयार नसत. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न लावून धरला होता.

आम्ही पहिली दोन वाक्ये अशी केली: मुंबईच्या गिरणीत धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे, म्हणून लेखकाच्या वडिलांना विणकर होता आले नाही. त्यांच्या मुलाने लोखंडाचे काम शिकले. एवढ्यात जात आली, तिचा आर्थिक हिशेब आला आणि माणूस ताठ उभा राहिला. एकही विशेषण लागले नाही. संपादिकेने ती वाक्ये जशीच्या तशी ठेवली, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. ‘आजवर कोणी न ऐकलेला आवाज’ ही मुखपृष्ठावरची ओळ मात्र काढायला तीन पत्रे लागली. काका चाळीस वर्षे चाळीच्या जयंतीत भाषण करीत आले. ऐकले नसेल ते कोणी? ‘दाहक’चा इंग्रजी भाऊ ऑनलाइन दुकानातल्या वर्णनात अजून आहे, तो कोणी घातला, हे आम्हांला कोणी सांगत नाही.

वाचकाच्या नजरेस न येणारी एक गोष्ट आणखी आहे. अमेरिकेत प्रत्येक पुस्तकाला बायसॅक पद्धतीचा विषय-संकेतांक द्यावा लागतो आणि दुकानातले कपाट बरेचसे त्यावरून ठरते. काकांच्या पुस्तकावर पहिला संकेतांक समाजशास्त्राचा पडला होता. आम्ही तो बदलून चरित्र-आत्मचरित्राचा मागितला. गोऱ्या फिटरने आपले आयुष्य लिहिले, तर ते चरित्राच्या कपाटात जाते. मग काकांचे आयुष्य नमुना म्हणून अभ्यासाच्या कपाटात का जावे? हा बदल मात्र एका दिवसात झाला, कारण त्यात कोणाला काही लिहायचे नव्हते.

बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’चे इंग्रजी भाषांतर 2008 साली आले, ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’ या नावाने. शब्दशः ते भाषांतर नव्हे. जिण्याच्या जागी तुरुंग आले. पण तुरुंग फोडणारे आम्हीच, असे ते नाव सांगते, आणि मूळ नावातले ‘आमुचं’ त्यात शाबूत आहे. फलटणला दुकान चालवताना माल बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद वाचणाऱ्या त्या बाईचे पुस्तक. आपल्या घरांतल्या मुलांना ते बहुधा या इंग्रजी नावानेच भेटेल. ही मुले परकीही नाहीत आणि चाळीतलीही नाहीत, आणि मलपृष्ठ लिहिताना आताशा आमच्या डोळ्यांसमोर तीच असतात. धोटा म्हणजे काय ते त्यांना सांगावे लागते. आजोबांची कीव करायला शिकवावे लागू नये.

सध्या टेबलावर मराठवाड्यातील एका बाईंचे हस्तलिखित आहे. वसतिगृहात त्यांनी तीस वर्षे स्वयंपाक केला. रोज किती भाकरी, किती पीठ, कोणत्या मुलाला दोन जास्त लागत, याच्या नोंदी त्यांनी वहीत ठेवल्या आणि त्या वह्यांतूनच पुस्तक झाले. प्रकाशकाने 140 शब्द मागितले आहेत. पहिल्या वाक्यात पिठाचा आकडा यावा, असे आम्ही त्यांना कळवले आहे.