दोघांचं लग्न आणि हजार बेटांची नदी

‘पळून जाऊन लग्न’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उभं राहतं ते पहाटेचं एस.टी. स्टँड, हातात एकच बॅग, आळंदीला घाईघाईने उरकलेला विधी आणि मागे संतापलेले दोन वडील. अमेरिकेत मात्र त्यांच्या ‘इलोपमेंट’ या शब्दाचा अर्थ अलीकडे पार बदलून गेला आहे. घरच्यांना सांगूनसवरून, पण मांडव-वाजंत्री आणि पाहुण्यांची गर्दी टाळून, एखाद्या निसर्गरम्य जागी दोघांनीच लग्न करायचं, त्यालाही आता इलोपमेंटच म्हणतात.

सिरॅक्यूजमध्ये नोकरी करणाऱ्या एका नाशिकच्या मुलीने हा शब्द फोनवर आईला सांगितला, तेव्हा आई आधी गप्पच झाली. मग म्हणाली, “अगं, पण तुला अडवलंय कोणी? मुलगा आम्हाला पसंत आहे की!”

अडचण वेगळीच होती. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चाले, त्यामुळे त्यांना परदेशी जाणं शक्य नव्हतं. मुलगा-मुलगी भारतात यावीत, तर व्हिसाच्या नव्या शिक्क्यासाठी तारीख मिळेना. नाशिकचं कार्यालय दोनदा ठरवून दोनदा सोडावं लागलं होतं. “आता आणखी थांबायचं नाही,” हे शेवटी बाबांनीच सांगितलं. का थांबायचं नाही, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

मग जागेचा शोध सुरू झाला. सिरॅक्यूजहून मोटारीने उत्तरेला दीडेक तास गेलं की सेंट लॉरेन्स नदी लागते. ऑन्टारिओ सरोवरातून निघून अटलांटिकला मिळणाऱ्या या नदीच्या पहिल्या ऐंशीएक किलोमीटरमध्ये बेटांचा नुसता सडा पडलाय. नाव ‘थाउजंड आयलंड्स’, पण मोजदाद 1,864 ची. बारा महिने पाण्यावर राहील आणि ज्यावर झाड तगेल तेच बेट, असा मोजणीचा नियम. एका बेटावर तर एक घर उभं राहिलं आणि जागाच संपली. त्याचं नावही ‘जस्ट रूम इनफ’, म्हणजे जेमतेम पुरेल एवढी जागा!

मुलाच्या मनात पहिल्यांदा भरलं हार्ट आयलंड. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलचे चालक जॉर्ज बोल्ट यांनी पत्नी लुईझसाठी 1900 मध्ये तिथे सहा मजली, 120 खोल्यांचा वाडा बांधायला घेतला. जानेवारी 1904 मध्ये लुईझ गेली. बोल्टनी काम तिथल्या तिथे थांबवलं आणि पुन्हा त्या बेटावर पाय ठेवला नाही. वाडा 73 वर्षं तसाच ऊन-पाऊस-बर्फ खात पडून होता. 1977 मध्ये तिथल्या पूल प्राधिकरणाने तो ताब्यात घेऊन दुरुस्त करायला सुरुवात केली. आज तिथे हौसेने लग्नं लागतात. आईने ही हकिगत ऐकली आणि साफ सांगितलं, “ज्या घरात बाई नांदलीच नाही, तिथून संसाराला सुरुवात नको.” यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिवाय हंगामात पर्यटकांच्या बोटी तिथे सारख्या लागत असतात, मग एकांत कसला?

दुसरं होतं डार्क आयलंडवरचं सिंगर कॅसल. शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीचे अध्यक्ष फ्रेडरिक बोर्न यांनी ते बांधलं. भिंतींच्या आत चोरवाटा आहेत म्हणे, आणि खरोखरच आहेत! आईच्या माहेरून आलेली पायाची सिंगर मशीन अजून नाशिकच्या घरात चालते, त्यामुळे तिला ही जागा आवडली. खर्चाचा आकडा पाहून मुलांनीच नाद सोडला.

कॅनडाच्या बाजूला तर याहून जास्त बेटं. पण भारतीय पासपोर्टवर तिथे उतरायला कॅनडाचा व्हिसा हवा, आणि न्यूयॉर्क राज्यातून काढलेला विवाहाचा परवाना त्या राज्याबाहेर चालत नाही. नदीत दोन देशांमध्ये भिंत नाही की तार नाही. चुकीच्या बेटावर उभं राहून घेतलेल्या शपथा मात्र कायद्याने फुकट! खुद्द न्यूयॉर्कचे नियम सोपे आहेत. क्लार्कच्या कचेरीत दोघांनी जाऊन परवाना काढायचा, चोवीस तास थांबायचं, साठ दिवसांच्या आत लग्न लावायचं. 2023 पासून कुणीही प्रौढ माणूस एका दिवसापुरता लग्न लावण्याचा परवाना काढू शकतो. तो एका मित्राने काढला. साक्षीदार कायद्याला एकच पुरतो, पण अंतरपाट धरायला दोघं लागतात. म्हणून आणखी एक जोडपं बरोबर घ्यायचं ठरलं.

जागेचा निकाल लागला तो वेगळ्याच कारणाने. सकाळचे आठ वाजता लग्न लावलं तर नाशिकला संध्याकाळचे साडेपाच वाजतात. डायलिसिस नसलेल्या दिवशी बाबा त्या वेळी ताजेतवाने असतात. म्हणजे फोनवर चित्र नीट दिसायला हवं, वाऱ्याने आवाज उडून जाता कामा नये आणि बोटीच्या वेळापत्रकावर अवलंबून राहायला नको. 1847 पासून दीपगृह असलेलं, फक्त होडीने गाठता येणारं रॉक आयलंड देखणं असूनही यातच बाद झालं. राहिलं वेलस्ली आयलंड. 1938 च्या पुलावरून तिथे मोटार थेट जाते. दोघं आधीच्या रविवारी जाऊन सरकारी उद्यानातल्या खडकांवर फोन धरून हिंडली. एका ठिकाणी फोन कॅनडाचा टॉवर पकडी, दुसरीकडे वाऱ्याचाच आवाज. अखेर पाइनच्या आडोशाला गुलाबी ग्रॅनाइटचा एक सपाट खडक सापडला. उद्यानाच्या कचेरीत विचारून त्यांनी तो नक्की केला.

ऑक्टोबरची सुरुवात होती. मॅपल लालभडक झाले होते आणि नवरीने शालूखाली लोकरीचे मोजे घातले होते. मित्राने मंगलाष्टकं कागदावरून वाचली, अडखळतच. नाशिकला आईने टेबलावर उभ्या केलेल्या मोबाइलवर अक्षता टाकल्या आणि लगेच डोळे पुसत काच पुसली. बाबा इतका वेळ काही बोलले नव्हते.

“झालं ना सगळं?” त्यांनी विचारलं. “मग आता फोन जरा नदीकडे फिरव, बघू दे.”