मोजदाद

‘निसर्ग’ हा शब्द आम्ही तीस वर्षें वर्गांत उच्चारीत आलों. इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या प्राध्यापकाचें त्या शब्दावांचून एक दिवसहि चालत नाहीं. सरोवरें, फुलांनीं डवरलेलीं कुरणें, धुक्यांतील शिखरें आणि त्यांच्यापुढें तल्लीन होऊन उभा राहिलेला कवि, एवढा सगळा प्रपंच त्या एका शब्दांत मावतो, आणि विद्यार्थ्यांना परीक्षेपुरता तो पटतोहि. परंतु श्रीवर्धन तालुक्यांतील आमच्या मूळ गांवीं हा शब्द कोणी उच्चारला तर त्याचा अर्थ निराळा होतो. “निसर्गांत आमचें न्हाणीघर गेलें,” “निसर्गाच्या आधीं हिचें लग्न ठरलें होतें,” असें तेथें लोक सहज बोलून जातात. ३ जून २०२० रोजीं जें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलें त्याचें तें नांव. हिंदी महासागराच्या या भागांतील देशांनीं वादळांच्या नांवांची यादी आगाऊ करून ठेविलेली असते. तींतील हें नांव बांगलादेशानें सुचविलेलें. सुचविणारांच्या मनांत काय होतें कोण जाणे. पण आमच्या गांवापुरती तरी कोशांत एका अर्थाची भर पडली आहे.

वादळाचें वर्णन येथें करावयाचें नाहीं. शिमग्यासाठीं म्हणून आम्ही गांवीं गेलों होतों आणि पुढें टाळेबंदी सुरू झाल्यामुळें तेथेंच राहिलों होतों. त्यामुळें तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. पाहिलें म्हणण्यापेक्षां ऐकलें म्हणणें अधिक खरें. सकाळीं दारें-खिडक्या लावून आम्ही सारे माजघरांत बसलों, ते दिवेलागणीपर्यंत बाहेर पडलों नाहीं. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांच्या वर होता हें मागाहून वाचलें. त्या वेळीं कळत होतें तें एवढेंच कीं, एक आवाज सतत चालू आहे, आणि त्यांत मधूनमधून, जाड दोर तुटावा तसा, दुसरा एक आवाज येतो आहे. आमचे काका भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते. त्यांचें वय तेव्हां ब्यायशीं. दर आवाजाला त्यांचें बोट पेरावरून पेरावर सरकत होतें. काकूंनीं हळूच विचारलें, “कसला जप चाललाय?” काका म्हणाले, “जप नव्हे. पोफळी मोजतोंय.” दीडशेंच्या पुढें त्यांनीं मोजणें सोडलें.

मनुष्यहानि त्या मानानें फारच थोडी झाली. हवामानखात्यानें आधींपासून इशारे दिलेले होते. किनाऱ्यावरच्या हजारों लोकांना पक्क्या इमारतींत हलविलें होतें. ही विद्येची थोरवी आहे आणि ती मोकळ्या मनानें मान्य केली पाहिजे. मात्र माणसें थोडीं दगावलीं कीं दूरच्या लोकांच्या लेखीं ती आपत्तिच लहान ठरते. वादळ मुंबईवर जाणार अशी धास्ती होती. तें अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागलें आणि मुंबई बचावली, हीच त्या आठवड्यांतील मोठी बातमी झाली. आंकड्यांची नवलाई पाहा. १८८२ च्या जूनमध्यें मुंबईवर वादळ येऊन लाखभर माणसें मेलीं, असें कित्येक ग्रंथांतून छापून गेलेलें आहे. अलीकडे संशोधकांनीं त्या काळचीं वर्तमानपत्रें आणि नोंदी तपासल्या, तेव्हां असलें वादळ झाल्याचा मागमूसहि सांपडला नाहीं. जें झालेंच नाहीं तें लाखाच्या ठसठशीत आंकड्यावर पिढ्यान्‌पिढ्या तगून राहिलें. आणि जें आमच्या डोक्यावरून गेलें तें, आंकडा हातीं न आल्यामुळें, पुण्यास आमच्या सहकाऱ्यांना दिवाळीपर्यंतहि आठवलें नाहीं. असो.

वादळ एका दिवसाचें; त्याच्या मागचे दिवस मोजावयाचे तर आमच्या गांवांत वीज आली ती सदतिसाव्या दिवशीं. खांब आडवे, तारा गुंतलेल्या आणि रस्त्यांवर झाडें, अशा स्थितींत ती आणण्यासाठीं परजिल्ह्यांतून वायरमन आले होते. शाळेच्या जेवढ्या भागावर छप्पर उरलें होतें तेवढ्याखालीं ते झोपत आणि पहाटे पावसांत खांबावर चढत. त्यांच्यांतील एकाचें तरी नांव विचारून ठेवावयास हवें होतें असें गांवांतील लोक अजून म्हणतात. रॉकेल दुर्मिळ होऊन वर्षें झालीं होतीं. घरांत कंदील होते, पण कोरडे. उन्हाळ्यांत घाण्यावरून आणलेला खोबरेलाचा एक डबा होता. देवघरांतली समई माजघरांत आली आणि संध्याकाळीं आठ वाजतां सारें घर झोपूं लागलें. मोबाईल मुके झाले. तालुक्याच्या गांवीं जाऊन, कोणाच्या रिक्षाच्या बॅटरीवर ते जिवंत करून आणावे, तर गांवांत पोंचेपर्यंत बोलण्यास तार नाहीं. दूर बसलेल्या विद्यार्थ्यांना कवितेची गोडी लावण्याचा आमचा उद्योग अर्थातच थांबला. त्यांची फारशी तक्रार आल्याचें स्मरत नाहीं.

विहिरीला पाणी होतें, पंप होता, पण तो चालेना. रहाट वीस वर्षांपूर्वीं मोडला होता आणि त्याच्या लांकडाचीं स्वयंपाकघरांत फडताळें झालीं होतीं. माळ्यावरून पोहरा काढला. सुंभ कुजलेला निघाला, तेव्हां होडीचा नायलॉनचा दोर कोळीवाड्यांतून मागून आणिला. आम्हीं पहिला पोहरा ओढला तो निम्मा हिंदकळून वर आला. सत्तरी उलटलेल्या काकूंनीं तो आमच्या हातून घेतला आणि एक थेंब न सांडतां चार पोहरे काढून दाखविले. त्यांचे हात विसरले नव्हते.

छपराची गोष्ट अधिक कठीण. घरावरचीं निम्मीं कौलें उडालीं होतीं, आणि टाळेबंदीमुळें नवीं येत नव्हतीं. दहा-बारा दिवसांत मोसमी पाऊस आला, तेव्हां घरांतील पातेलीं, तपेलीं आणि परात यांना एकच काम उरलें. भिंती मातीच्या, त्या भिजल्या तर कौलें मिळूनहि उपयोग नव्हता. एका सकाळीं मोहल्ल्यांतले काकांचे बाळमित्र डोक्यावर निळी ताडपत्री घेऊन उभे राहिले. त्यांच्या स्वतःच्या पडवीवर पोतीं टाकलेलीं होतीं. काकांनीं पैशाचा विषय काढला. “तुझ्याकडे गळतंय तें मला रात्रीं ऐकूं येतं,” एवढेंच ते म्हणाले आणि शिडी मागूं लागले. त्या वयांत त्यांना वर चढूं देणें शक्य नव्हतें; त्यांचा नातू चढला.

मग पंचनामे सुरू झाले. तलाठ्याचें काम पाहणारा तरुण मोठा सालस होता. त्याचें स्वतःचें बिऱ्हाड दुसऱ्याच्या ओटीवर होतें. सरकारनें फळबागांची मदत हेक्टरीं १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली होती. ऐकावयास हें बरें वाटतें. पण कोंकणांतील वाडी हेक्टरांत मोजावयाची नसते, ती गुंठ्यांत मोजावयाची; आणि त्या दरानें गुंठ्यास पांचशें रुपये होतात. आमच्याकडील दाट वाडींत एका गुंठ्यांत पंधरा-वीस पोफळी सहज असतात. पुढें ही अडचण ध्यानांत आल्यावर झाडागणिक दर ठरला: पोफळीला ५० रुपये, माडाला २५०. सरकारला दोष देण्याचा येथें हेतु नाहीं. हजारों वाड्यांची मोजदाद कोणत्या तरी एका मापानें करावी लागते. परंतु पडलेली एक पोफळ तोडून, ओढून, वाडीबाहेर नेण्यास त्याहून अधिक मजुरी पडत होती. तीं खोडें तशींच ठेवावीं तर माडाच्या कुजक्या लांकडांत गेंड्या भुंगा वाढतो आणि उरलेल्या माडांचे शेंडे पोखरतो. म्हणजे पडलेलें झाड उभ्या झाडाला खातें. तलाठ्यानें आमच्याकडे मोजल्या त्या पडलेल्या तीनशें चार पोफळी आणि सव्वीस माड. उभ्या पोफळी उरल्या अकरा. अकरांची नोंद त्याच्या कागदांत करण्यास जागा नव्हती.

ज्या गोष्टीला जागा नव्हती अशी आणखी एक होती, आणि तिच्यासाठींच हा लेख लिहीत आहों. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे; पण ज्यांनीं ती केवळ अडकित्त्यांत पाहिली आहे त्यांना हें ठाऊक नसतें कीं, पोफळ हें सावलींतलें झाड आहे. तिचें रोप उघड्या उन्हांत लावलें तर करपतें. मोठें झाल्यावरहि तिच्या खोडावर दुपारचें ऊन सरळ पडलें तर खोड भाजतें, चिरतें. माडांच्या सावलींत पोफळी, पोफळींच्या सावलींत जायफळ, त्यांच्या अंगावर मिरवेल आणि पानवेल, अशी वाडीची रचना असते. प्रत्येक झाड दुसऱ्याच्या आसऱ्यानें उभें. वैशाखांत रस्त्यावरून आंत पाऊल टाकिलें कीं अंगावर ओला पंचा टाकावा तसें वाटे. तो गारवा काकांच्या आजोबांपासून हळूहळू सांठत आलेला होता. पावसाळा सरला आणि आश्विनाचें ऊन पडलें, तेव्हां काय गेलें तें खऱ्या अर्थानें कळलें. दुपारीं वाडींत उभें राहवेना. उरलेल्या अकरा पोफळींच्या खोडांना काकांनीं वाळलेल्या झावळ्या गुंडाळल्या.

आणखी एक फरक झाला. आमच्या ओटीवरून समुद्र दिसूं लागला. मध्यें आमची वाडी, तिच्यापलीकडे पुळणीवरचें सुरूचें बन. दोन्ही पडल्यावर तो एकदम अंगणाशीं आल्यासारखा झाला. हें प्रथम ध्यानांत आलें तें जमिनीच्या दलालाच्या. ओटीवर चहा घेतां घेतां तो आनंदानें म्हणाला, “झाडं काढायचा खर्च वांचला, आणि व्ह्यू मोकळा झाला. भाव आतां दीडपट समजा.” काकू आंतून म्हणाल्या, “दिसत नव्हता तेंच बरं होतं.”

दलालाची थट्टा करणें सोपें आहे. काकांच्या मुलाची, म्हणजे आमच्या चुलतभावाची, करतां येत नव्हती. तो मुंबईस असतो. टाळेबंदींत त्याची नोकरी गेली होती, घराच्या कर्जाचे हप्ते थकले होते. फोन लागूं लागल्यावर तो दर रविवारीं विचारी, “अप्पा, सुपारी धरायला सहा-सात वर्षं. तोंवर काय?” या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आमचें नांवहि सातबाऱ्यावर आहे, पण आमचें पोट पगारावर. ज्याचें पोट वाडीवर आहे आणि ज्याचें कर्ज वाडीकडे पाहत आहे, त्या दोघांच्या मध्यें बोलण्याचा अधिकार आम्हांस कितपत, हें आम्हांस तेव्हां ठरवितां आलें नाहीं आणि आजहि येत नाहीं. काका वाद घालीत नसत. मार्गशीर्षांत त्यांनीं त्या अकरा झाडांवरची पिकली सुपारी उतरविली, एकेक हातांत घेऊन पारखली आणि दोनशें बियाणें बाजूला काढून, देंठाकडची बाजू वर ठेवून, वाळूच्या वाफ्यांत लावलें. त्याच महिन्यांत समुद्राकडचे आठ गुंठे विकण्याच्या कागदावर सही केली. दोन्ही कामें करतांना त्यांचा चेहरा सारखाच होता.

उरलेल्या बारा गुंठ्यांत आधीं केळी लावल्या, कारण रोपांच्या आधीं त्यांची सावली लावावी लागते. श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रांतून रोपें मिळालीं तीं थोडीं. सगळ्या तालुक्यालाच एकदम हवीं होतीं. मे २०२१ मध्यें ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेलें तेव्हां केळी साऱ्या झोपल्या. वाफ्यांतील रोपांना कांहीं झालें नाहीं. इतक्या खालीं वारा पोंचत नाहीं. केळी पुन्हां लावल्या, केंद्राचीं रोपें त्या पावसाळ्यांत लागलीं, घरच्या बियाणाचीं त्याच्या पुढच्या.

विकलेल्या जागेवर आतां एक दुमजली बंगला आहे. त्याचे मालक वर्षांतून दोनदां येतात. त्याची उंच भिंत आमच्या पश्चिमेस आली आहे, त्यामुळें समुद्र पुन्हां दिसेनासा झाला, आणि तिसऱ्या प्रहरानंतर भिंतीची सावली पहिल्या तीन ओळींवर पडते. काकांनीं पंच्याऐंशी ओलांडली आहे. ओटीवरून ते ती सावली कोठपर्यंत आली हें पाहत असतात, आणि त्या ओळींना केळी नकोत असें त्यांनीं गड्याला सांगून ठेविलें आहे.

यंदा केंद्राच्या रोपांपैकीं तीन झाडांनीं पोया टाकल्या. पहिल्या वर्षाची सुपारी धरते थोडी, गळते फार. पोफळीवर चढणारे गडी गांवांत पूर्वीं सात होते. आतां एकच राहिला आहे, बाकीचे मुंबईस पहारेकरी झाले. त्याला आतांपासून सांगून ठेवावें काय, असें आम्हीं काकांना विचारलें. ते म्हणाले, “अजून पांच वर्षं तरी नको. सध्यां शिडी पुरते.”