खजिना कुणाचा?



आज एका चोरलेल्या खजिन्याविषयी लिहायचे आहे, आणि तोही खेळातल्या. आमच्या धर्मग्रामातील दृढीकरणाच्या वर्गाची मुले, त्यांची दोन-चार थोरली भावंडे आणि आम्ही शिकवणारे, असे सगळे मिळून गेले काही महिने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ खेळत आहोत. महिन्यातून दोन रविवारी, मिस्सा आणि वर्ग आटोपला की बाके जोडून बसतो.

आपल्या बेळगावात हा खेळ फार कुणाला ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. एकजण गोष्ट चालवतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी जखमा बऱ्या करणारा पुजारी. आपले पात्र काय करणार ते तोंडाने सांगायचे, आणि ते जमले की फसले हे वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचे. आमची गोष्ट चालवतो तो कॉलेजात शिकणारा मुलगा. सगळे त्याला दादा म्हणतात.

सुरुवातीला काही पालकांनी विचारले, “ड्रॅगन, भुतेखेते, हे चर्चच्या आवारात कशाला?” प्रश्न रास्त होता. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांतही हाच प्रश्न उठला होता. आम्ही पालकांना एवढेच म्हटले की एकदा येऊन बसा. प्रकटीकरणाच्या पुस्तकातही सात डोक्यांचा अजगर आहेच. गोष्टीत दुष्ट आहे म्हणून गोष्ट दुष्ट होत नाही. तिथे आपण कुणाच्या बाजूने उभे राहतो ते पाहायचे. दोघी आया येऊन बसल्या आणि त्यातल्या एकीने फासाही टाकला.

आमची गोष्ट २०१४ साली निघालेल्या ‘होर्ड ऑफ द ड्रॅगन क्वीन’ या पुस्तकातली आहे. ज्यांना ती पुढे स्वतः खेळायची आहे त्यांनी हा आणि पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत. ग्रीनेस्ट नावाचे छोटे गाव आहे. रात्रीच्या वेळी एक टोळी त्याच्यावर तुटून पडते, वर आकाशात निळा ड्रॅगन घिरट्या घालतो. माणसे गढीत आसरा घेतात, आणि टोळी घरोघरी शिरून मिळेल ते उचलते. सकाळी गाव जळालेले आणि माल गेलेला. हीच टोळी आणखी गावे लुटत आली आहे. पुढे हा सगळा माल गाड्यांवर लादून उत्तरेकडे चाललेला आढळतो. आम्ही गाडीवानांबरोबर राखणदार म्हणून नोकरी धरली आणि मागावर राहिलो.

इथूनच तर्क सुरू झाले. वाटेत एवढी मोठी शहरे लागतात, तरी ही माणसे माल विकत का नाहीत? एवढे सोने गोळा करून खर्च का करत नाहीत? बी.कॉम. करणारा म्हणाला, “सैन्य उभे करायचे असणार. पगार द्यायला रोकड लागते.” त्याची बहीण म्हणाली, “खर्चच करायचा असता तर आत्तापर्यंत केला असता. ड्रॅगनला नुसता ढीग हवा असतो, त्याच्यावर झोपायला.” सर्वांत धाकट्याने सांगितले, “हा गळ आहे. आपल्यासारख्यांनी मागे यावे म्हणून.” आमचा तर्क असा होता की ही कुणाला तरी वाहायची भेट असावी. कारण माणूस आपल्या हौसेसाठी चोरतो तेव्हा त्यातले थोडे तरी चैनीत उडवतो. एक नाणेही न मोडता जो साठवतो, त्याच्या डोक्यावर कुणीतरी मालक असतो.

हा शेवटचा तर्क बरोबर निघाला. टोळीला टियामाट नावाची पाच डोक्यांची ड्रॅगन राणी नरकातून पृथ्वीवर आणायची आहे, आणि तिच्या इतमामाला शोभेल असा खजिना रचायचा आहे. टियामाट हे नाव बाबेलच्या प्राचीन पुराणकथेतून घेतलेले आहे. बाबेलचे नाव निघाल्यावर आम्हा धर्मशिक्षकांचे कान टवकारले, पण त्याकडे मागाहून येतो.

कारण त्याच रविवारी एक मुलगा, एरवी फारसे न बोलणारा, वही उघडून म्हणाला, “हे सोने कशासाठी नेतात ते कळले. पण हे आहे कुणाचे?”

दादा म्हणाला, “गावकऱ्यांचे. लुटलेले.”

“कुठल्या गावकऱ्यांचे? नावे सांग.”

पुस्तकात एवढा तपशील नाही. मग त्या मुलानेच यादी करायला घेतली, आणि बाकीची मुले सांगू लागली. गिरणीवाल्याच्या बायकोच्या बांगड्या. मंदिरातला चांदीचा पेला. लोहाराने मुलीच्या लग्नासाठी साठवलेली नाणी. एका म्हातारीची पितळी परात, जिला बाजारात काही किंमत नाही. एका तासात चार पाने भरली, आणि खजिना हा शब्द सगळ्यांना वेगळा ऐकू येऊ लागला.

या मुलाच्या घरची हकीकत आम्हाला ठाऊक होती. त्याच्या आज्जीने अकरा वर्षे एका भिशीत पैसे भरले होते. चालवणारा माणूस ओळखीतला, सणावाराला घरी येणारा. एके दिवशी भिशी बुडाली. पैसे कुठे गेले यावर गल्लीत आजही तर्क चालतात: कुणी म्हणते जमीन घेतली, कुणी म्हणते मुलाला परदेशी धाडले, कुणी म्हणते जुगारात गेले. मुलगा त्या दिवशी आम्हाला म्हणाला, “सर, पैसे कुणी खाल्ले ते सगळ्यांना माहीत आहे. कशात घातले यावर सगळे बोलतात. आज्जीची वही मात्र कुणी बघायला मागत नाही.”

त्या वहीत तिने प्रत्येक हप्ता तारखेसह लिहून ठेवला आहे. अक्षर वेडेवाकडे, हिशेब चोख.

वाचकहो, इथे थोडे थांबू या. दुष्टाच्या खजिन्याचे कुतूहल सर्वांनाच असते. किती होता, कुठे दडवला, कशासाठी जमवला? या तिन्ही प्रश्नांत आपण दुष्टाच्याच डोक्याने विचार करत असतो. ‘कुणाचा?’ हा प्रश्न विचारला की पहिल्यांदा आपण लुटलेल्याच्या दारात जाऊन उभे राहतो.

जे. आर. आर. टॉल्किन हे श्रद्धावान कॅथलिक होते. त्यांच्या १९३७ सालच्या ‘द हॉबिट’मध्ये स्मॉग नावाचा ड्रॅगन बुटक्यांच्या चोरलेल्या सोन्यावर पसरलेला असतो. त्या डोंगराएवढ्या ढिगातून बिल्बो एकच पेला उचलतो आणि स्मॉगला जाग येताच ते कळते. म्हणजे हिशेब त्याच्याकडेही आहे. काय आहे आणि किती आहे, हे त्याला नीट ठाऊक आहे. फक्त प्रत्येक वस्तूवर नाव एकाचेच, त्याचे स्वतःचे. पुढे ड्रॅगन मरतो, तरी भांडण मिटत नाही. त्या ढिगात डेल गावच्या लोकांचीही संपत्ती मिसळलेली असते, आणि बुटक्यांचा राजा थॉरिन तिचा वाटा द्यायला तयार होत नाही. सरोवरगावच्या लोकांच्या मदतीसाठी दिलेले सोने त्यांचा मुखियाच घेऊन पळतो आणि ओसाड रानात उपाशी मरतो. दुष्ट मेला म्हणजे खजिना आपोआप पवित्र होत नाही. तो मूळ मालकाकडे पोहोचेपर्यंत हात बदलून बदलून माणसे खातच राहतो.

आता बाबेलकडे वळतो. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमच्या मंदिरातली पात्रे लुटून आपल्या देवाच्या मंदिरात ठेवली. पुढे बेलशस्सराने मेजवानीत त्याच पात्रांतून द्राक्षारस प्यायला, आणि भिंतीवर हात उमटला. दानियेलाच्या पुस्तकातली ही गोष्ट मुलांना पाठ असते, कारण ती भयंकर आहे. एज्राच्या पहिल्या अध्यायाचा शेवट मात्र कुणाला आठवत नाही, कारण तिथे नुसती यादी आहे. पारसाचा राजा कोरेश ती पात्रे परत देतो. त्याचा खजिनदार एकेक वस्तू मोजून शेशबस्सराच्या हाती सोपवतो: सोन्याची तबके ३०, चांदीची तबके १,०००, सुऱ्या २९, सोन्याचे कटोरे ३०, चांदीचे कटोरे ४१०, इतर पात्रे १,०००. एकूण ५,४००.

आम्ही ही यादी वर्गात फळ्यावर लिहिली. एका मुलीने लगेच मोबाइलवर बेरीज केली. “सर, चुकतेय. २,४९९च येतात.”

खरेच तेवढेच येतात. पिढ्यान्‌पिढ्या हाताने नकला करताना काही आकडे गळले असतील, असे आम्ही सांगितले. वहीवाला मुलगा म्हणाला, “उरलेल्या २,९०१ वस्तू लहान असतील. यादीत घ्यायला कुणाला सुचले नाही. पण एकूण आकड्यात देवाने धरल्या.”

हा अर्थ कुठल्या भाष्यात सापडेल असे नाही. त्याचा तो तर्कच आहे. आम्ही तो खोडला नाही.

सातव्या आज्ञेविषयी ख्रिस्तसभेची शिकवण इथे अगदी स्पष्ट आहे. चोरीचा पश्चात्ताप पुरेसा नाही, चोरलेले परत करावे लागते. पापनिवेदनात क्षमा मिळते, पण म्हणून दुसऱ्याची वस्तू आपली होत नाही. मालक सापडतच नसेल तर त्याच्या कल्याणासाठी ते दानधर्मात द्यावे, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले आहे. जक्कयाकडे पाहा. प्रभू येशू त्याच्या घरी गेला तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करायचे कबूल केले. चौपट करायला आधी मूळ रक्कम माहीत हवी. जकातदार होता तो, वह्या त्याच्याकडे असणारच. त्या रात्री त्याने त्या बाहेर काढल्या असतील आणि पहिल्यांदाच आकड्यांऐवजी नावांवरून बोट फिरवले असेल, असे आम्हाला वाटते. तारण त्याच्या घरात आले ते असे.

खेळात मात्र एक अडचण होती. जुन्या नियमांत बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे खेळाडूला अनुभवाचा एक गुण मिळत असे. आजचे नियम निराळे आहेत, पण सवय तीच: जो शोधील त्याचा खजिना. म्हणून यादीप्रमाणे सगळे ग्रीनेस्टला परत करायचे असे ठरू लागले तेव्हा धाकट्याने तोंड पाडले. “मग आपण लढलो कशाला? आपल्याला काहीच नाही?” हसू आले, पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कामगार आपल्या मजुरीला पात्र आहे. बिल्बोनेही शेवटी दोन लहान पेट्या घेतल्याच, एक चांदीची आणि एक सोन्याची. आम्हीही प्रत्येकाला राखणदाराची मजुरी ठरवली. धाकट्याने आपल्या मजुरीतून म्हातारीसाठी नवी परात घेतली, आणि तिची जुनी सापडली तर तीही द्यायची असे दादाकडून कबूल करून घेतले. सध्या आमची मंडळी ढगांतून उडणाऱ्या किल्ल्यात लपून बसली आहेत. खजिना खालीच आहे. यादी तयार आहे.

खऱ्या गल्लीतली गोष्ट इतकी सरळ नाही. आज्जीचे पैसे आलेले नाहीत. पण नातवाने तिची वही स्वच्छ अक्षरात उतरवून काढली. ते पाहून शेजारच्या दोघींनी आपल्या वह्या आणल्या, मग आणखी काहीजणींनी. एकीकडे वही नव्हती, तिने तोंडी सांगितले आणि दोघींनी साक्ष दिली. आता नाव, तारीख, हप्ता अशी एकच यादी झाली आहे, आणि धर्मग्रामातले एक वकील ती तक्रारीला जोडण्यासाठी पाहत आहेत. पैसे मिळतील का, असे आज्जीला विचारले तर ती म्हणते, “मिळतील न मिळतील, पण मी भरले होते हे आता कागदावर आहे.”

वाचकहो, आपल्याही घरात काही वस्तू असतील. परत न केलेले पुस्तक, भावाच्या वाट्याचा जमिनीचा तुकडा, कामवाल्या बाईचा थकलेला पगार. या आठवड्यात एक कागद घ्या. एका बाजूला वस्तू लिहा, दुसऱ्या बाजूला नाव. आणि कुणी आपली वही घेऊन तुमच्या दारी आले तर ती उघडून वाचा.

प्रार्थना करू या: हे प्रभो, जे जे हरवले आणि लुटले गेले ते कुणाचे होते हे तुला ठाऊक आहे. ज्यांची नावे कुठल्याच यादीत नाहीत त्यांना तू विसरत नाहीस. आमच्या हाती जे दुसऱ्याचे आहे ते परत करण्याचे बळ दे, आणि ज्यांचे गेले त्यांच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य दे. आमेन.