तारीख चुकीच्या जागी पडली

गेल्या महिन्यात सुट्टीला गावी गेलो होतो. रात्री जेवणे उरकल्यावर धाकट्या भावाची मुलगी वही घेऊन ओसरीवर आली. यंदा ती दहावीला आहे. म्हणाली, "काका, शब्द सगळे येतात, पण वाक्य जुळवायला गेले की बाई लाल रेघ ओढतात. कुठला शब्द कुठे टाकायचा तेच कळत नाही."

तिची वही पाहिली आणि मला माझी एक जुनी लाल रेघ आठवली. ती कोणा शिक्षकाने ओढली नव्हती आणि तिचे मोल मला भरावे लागले नव्हते. ते भरले दुसऱ्यानेच.

गोष्ट १९९९ सालच्या खरिपाची. कृषी विस्तार अधिकारी म्हणून नोकरीला लागून मला तीन वर्षे झाली होती. बी.एस्सी. ॲग्री. इंग्रजीतून केलेले, त्यामुळे आपल्याला इंग्रजी येते असा माझा समज होता. आमच्या गटातल्या एका शेतकऱ्याने चार एकरांत सोयाबीन पेरले होते. सारे गाव त्यांना अण्णा म्हणे. एकरी तीस किलोची एक, अशा चार पिशव्या त्यांनी विकत आणल्या. २४ जूनला चांगल्या ओलीवर पेरणी केली. पण दहा-अकरा दिवस झाले तरी ओळीत मोड दिसेना. जिथे दहा रोपे दिसावीत तिथे दोन-तीनच. ५ जुलैला अण्णा माझ्याकडे आले. ८ जुलैला मी शेतावर जाऊन पंचनामा केला.

बियाणे कंपनीचे कार्यालय परराज्यात. तिकडे मराठी कोण वाचणार? म्हणून अण्णांच्या वतीने इंग्रजी पत्र मीच लिहिले. त्यात एक वाक्य असे होते : "द फार्मर इन्फॉर्म्ड मी दॅट ही हॅड सोन द सीड ऑन फिफ्थ जुलै."

मला म्हणायचे होते, शेतकऱ्याने मला ५ जुलैला कळवले. पण वाक्याचा अर्थ झाला, शेतकऱ्याने ५ जुलैला पेरणी केली. इंग्रजीत 'ऑन फिफ्थ जुलै' असा शब्दसमूह वाक्याच्या शेवटी आला की वाचणारा तो सहसा जवळच्या क्रियापदाशी जोडतो. जवळ होते 'हॅड सोन', म्हणजे 'पेरले होते'. 'इन्फॉर्म्ड' तर पार मागे राहिले होते.

वीस-बावीस दिवसांनी उत्तर आले. पेरणी ५ जुलैची, पाहणी ८ जुलैची, तीन दिवसांत सोयाबीन वर येत नसते, सबब तक्रार ग्राह्य नाही. पेरणीची खरी तारीख मराठी पंचनाम्यात होती, पण तो तिथे वाचायला कोण होते? मी पत्र वाचून दाखवले. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग एवढेच म्हणाले, "साहेब, तुमच्या इंग्रजीत माझी पेरणी अकरा दिवस पुढं गेली की."

दुसरे पत्र मी तीनदा लिहून पाहिले. "ऑन फिफ्थ जुलै, द फार्मर इन्फॉर्म्ड मी दॅट ही हॅड सोन द सीड ऑन ट्वेंटी-फोर्थ जून." एक तारीख उचलून वाक्याच्या तोंडाशी नेली, दुसरी पेरणीपाशी ठेवली. पिशवीत उरलेल्या बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला. प्रमाणित सोयाबीनला किमान सत्तर टक्के उगवण लागते, ती त्यात भरली नाही. पुढच्या जूनमध्ये अण्णांना चार पिशव्या बदलून मिळाल्या. पण त्या साली दुबार पेरणी त्यांनी उसनवारीवर केली, तीही उशिरा. पहिलेच पत्र नीट असते तर निदान ते पैसे वेळेवर हातात पडले असते, हे मनातून आजही जात नाही.

हे सारे पुतणीला सांगितले आणि म्हटले, "आता औत धरू."

मराठी वाक्य घे : त्याने सोमवारी शेतात काळजीपूर्वक बी पेरले. आता इंग्रजी : "ही सोड द सीड केअरफुली इन द फील्ड ऑन मंडे." मराठीत कर्त्यानंतर केव्हा, कुठे, कसे, काय आणि शेवटी क्रियापद. इंग्रजीत कर्त्यानंतर लगेच क्रियापद, मग काय, कसे, कुठे, केव्हा. नांगर एक तास घालून बांधाशी वळतो आणि उलटा येतो ना, तसेच हे. कर्ता तेवढा जागेवर राहतो, बाकी सगळे उलटे. नेहमीच असे होते असे नाही. 'केव्हा' हे जोर द्यायला किंवा घोटाळा टाळायला वाक्याच्या आरंभी आणता येते, जसे मी दुसऱ्या पत्रात केले. पण आधी सरळ तास धरायला शिकावे.

दुसरे, आपण 'झाडाखाली' म्हणतो, 'खाली' हा शब्द झाडाच्या मागून येतो. इंग्रजीत 'अंडर द ट्री', म्हणजे 'अंडर' पुढे चालतो. 'च'चेही तसेच. 'कपाशीच फवारली' यात 'च' मागे चिकटतो, पण 'ही स्प्रेड ओन्ली द कॉटन' यात 'ओन्ली' कपाशीच्या आधी. तोच शब्द पुढे नेऊन 'ओन्ली ही स्प्रेड द कॉटन' म्हटले, तर फवारणारा तो एकटाच असा अर्थ होतो.

तिसरे, भूतकाळ. आपण गहू पेरला, ज्वारी पेरली, बी पेरले म्हणतो. पिकागणिक क्रियापद बदलते. इंग्रजीत तिन्हींना एकच 'सोड'. हे सोपे. मात्र नकार आला की भूतकाळ 'डिड' उचलतो आणि क्रियापद मूळ रूपात जाते. 'द सीड डिड नॉट जर्मिनेट'. तिच्या वहीत 'डिड नॉट जर्मिनेटेड' होते, लाल रेघ त्याचीच. आणि झालेल्या दोन गोष्टींत आधी कोणती घडली हे दाखवायचे तर 'हॅड'. आपले 'पेरले होते' तेच.

पुतणीने पाच वाक्ये लिहिली, चार बरोबर आली. पाचव्यात 'यस्टर्डे' भलतीकडे पडला होता. मी काही बोललो नाही. तिनेच वाचले, थांबली, खोडले आणि शब्द हलवला.

वाचकहो, आज विम्याचा अर्ज, बँकेचा कागद, औषधाच्या डब्यावरचे पत्रक, कुठे ना कुठे इंग्रजी घरात येतेच. मुलांना शब्द पाठ करायला लावा, पण रात्री एक वाक्य त्यांच्याकडून मोठ्याने वाचूनही घ्या. आणि विचारा, "ही तारीख कशाची रे, पेरणीची की तक्रारीची?" तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. माझे पत्र टाकण्यापूर्वी तो कोणी मला विचारायला हवा होता.