ट्रॅप बोलतो हो!

अहो, ट्रॅप बोलतो! पंधरा वर्षं इचलकरंजीतल्या, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमध्ये वाफेच्या लाइनींखाली वाकून काढली आणि हे मला काल कळलं.

स्टीम ट्रॅप म्हणजे लाइनीवर जागोजागी बसवलेला मुठीएवढा ठोकळा. वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडायचं, वाफ मात्र अडवायची, एवढंच त्याचं काम. तो ठीक आहे का, हे बघायची आमची रीत म्हणजे चार थेंब शिंपडायचे. चर्रर्र झालं की चालू, चला पुढे. सताड उघडा पडून वाफ ओकणारा ट्रॅपही तसंच चर्रर्र करणार, हे कधी डोक्यातच आलं नाही!

काल भाड्याने आणलेला थर्मल कॅमेरा धरला. पडद्यावर पाइप पिवळाजर्द आणि सूत वाळवणाऱ्या सिलिंडरखालचा एक ट्रॅप जांभळा, गारठलेला. व्हॉल्व्ह बंद करून, जरा थांबून स्ट्रेनर उघडला, तर आत गच्च गाळ. सिलिंडरमध्ये पाणी तुंबलेलं, म्हणून सूत ओलं राहायचं. आणि आम्ही महिनाभर बोल कुणाला लावत होतो, तर सायझरला!

कॅमेरा फसवतोही बरं का. 7 बार दाबाची वाफ म्हणजे 170 अंशांच्या आसपास. पण स्टीलच्या चकचकीत ट्रॅपवर आकडा आला 70. चकाकणारा धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो, भोवतालचीच परावर्तित करतो. उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा एक ठिपका दिला, आकडा टुणकन वर!

पण खरी मजा अल्ट्रासाउंड यंत्राची. ट्रॅपच्या पुढचा पाइप तसाही गरमच असतो, कारण दाब उतरला की त्या कढत पाण्यातल्या थोड्याची पुन्हा वाफ होते. तिथे कॅमेऱ्याला निवाडा देता येत नाही. आपला कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. हे यंत्र त्याच्या वरचा आवाज पकडून कानाला झेपेल इतका खाली आणतं. टोक ट्रॅपला टेकवलं, हेडफोन चढवले आणि... टक्! सुंऽऽ... टक्! मग शांतता. आतली चकती उचलली, पाणी गेलं, चकती बसली. अंगावर काटा आला हो! पुढच्या ट्रॅपला मात्र खंडच नाही, नुसतं सूंऽऽऽ. 3 मिलिमीटरच्या भोकातून 7 बारची वाफ ताशी वीसेक किलो जाते. म्हणजे दिवसाला जवळजवळ अर्धा टन, आणि ती बनवायला लागलेलं जळणही वाया!

आमचे बॉयलरवरचे फायरमन मामा बाजूला उभे राहून हसत होते. ते वर्षानुवर्षं लांब स्क्रू ड्रायव्हर ट्रॅपला टेकवून मूठ कानाशी धरायचे; आम्ही त्यांना डॉक्टर म्हणून चिडवायचो. मी हेडफोन त्यांच्या कानावर चढवले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, बोटाने पलीकडच्या ट्रॅपकडे खूण केली, मग त्याच्या पलीकडच्या. संध्याकाळची पाळी लागली तरी हेडफोन काही परत मिळाले नाहीत.